पैसे कोणी दिले?

स्पॅनिशच्या क्लासमध्ये हॉटेलातला प्रसंग करून दाखवायचा होता. 'बिल त्याने दिलं' असं मला म्हणायचं होतं. मी ऐटीत म्हणालो, "पाऽगो." मॅडम हसल्या, "मग काढा पाकीट!" कारण 'पाऽगो' म्हणजे 'मी देतो'. 'त्याने दिलं' म्हणजे 'पागोऽ'. (या लेखात ऽ म्हणजे जोर, असं समजा.) अक्षरं तीच, फक्त जोर सरकला की कर्ता आणि काळ दोन्ही बदलतात. मराठीत असं होत नाही, त्यामुळे आपला कानच तयार नसतो.

नियम मात्र आपल्या ओळखीचा, चक्क इफ-एल्स! स्वरावर तिरकी रेघ लिहिलेली असेल तर जोर तिथेच. रेघ नसेल आणि शब्द स्वराने, न-ने किंवा स-ने संपत असेल, तर जोर शेवटून दुसऱ्या तुकड्यावर, नाहीतर शेवटच्या. म्हणून 'आऽब्लो' (मी बोलतो), 'आऽब्लान' (ते बोलतात), पण मूळ क्रियापद 'आब्लाऽर'. 'आब्लाराऽन' म्हणजे ते बोलतील. 'आब्लाऽरान' हे रूप 'ते बोलले तर...' अशा वाक्यातलं. रेघ विसरलात की गेले मार्क!

पण तुकडे मोजायचे तर आधी शब्द तोडता यायला हवा. आ, ए, ओ हे दादा स्वर. दोन शेजारी आले तरी वेगळेच राहतात: 'लेऽ-ओ' (मी वाचतो). इ, उ गरीब बिचारे. शेजाऱ्यात मिसळून जातात: 'काऽम-ब्यो' (मी बदलतो). जोर त्यांच्यावरच आला तर मात्र तेही वेगळे: 'एम-बीऽ-ओ' (मी पाठवतो). कोणतं क्रियापद कुठल्या गटात, हे पाठच करावं लागतं.

खरी मजा 'अनियमित' क्रियापदांत आहे. 'प्वेऽदो' म्हणजे मी करू शकतो, पण आम्ही करू शकतो म्हणजे 'पोदेऽमोस'. असले तक्ते मी महिनाभर घोकले. मग कळलं, की लॅटिनमधल्या ऱ्हस्व ओ-वर जोर होता तिथे स्पॅनिशमध्ये 'वे' झाला, नव्हता तिथे 'ओ'च राहिला. तसंच ए-चं: 'प्येऽन्सो' (मी विचार करतो), 'पेन्साऽमोस' (आम्ही करतो). म्हणजे अनियमितपणा कसला, जोर कुठे आहे तेवढं बघायचं!

पडताळा हवा? 'तू करू शकतोस' हे स्पेनमध्ये 'प्वेऽदेस'. अर्जेंटिनात 'तू'साठी 'बोस' हे वेगळं सर्वनाम आहे आणि त्याच्या रूपात जोर शेवटी येतो. तिथे म्हणतात 'पोदेऽस'. जोर हलला, 'वे' गायब!