जोडणीचा वेग आणि जोडणीचा भरवसा



बेळगावच्या उद्यमबागेत माझ्या एका स्नेह्यांचा लहानसा कारखाना आहे. बिडाच्या ओतीव भागांवर तेथे यंत्रकाम होते. गेल्या वर्षी त्यांनी मोठ्या हौसेने ३०० मेगाबिट वेगाची ब्रॉडबँड जोडणी घेतली आणि महिन्याभरातच ते मजकडे तक्रार घेऊन आले. म्हणाले, “कागदावर वेग तीनशे आहे, मग पुण्याच्या ग्राहकाला ड्रॉइंगे पाठवायला अर्धा तास का लागतो?”

हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. व्यवसायासाठी जोडणी घेणारा बहुतेक जण जाहिरातीतला एकच आकडा पाहतो आणि तो आकडा नेमका कशाचा, हे विचारावयाचे राहून जाते. ‘ब्रॉडबँड’ या भारदस्त नावावरूनही काही बोध होत नाही. आपल्या देशात जानेवारी २०२३ पासून सेकंदाला किमान २ मेगाबिट माहिती उतरविणारी जोडणी ब्रॉडबँड ठरते. त्यापूर्वी तर ५१२ किलोबिट पुरेसे होते.

प्रथम मापाचा घोटाळा दूर करू. संगणकातील फाइल बाइटमध्ये मोजतात आणि जोडणीचा वेग बिटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणजे १०० मेगाबिटच्या जोडणीवरून सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट उतरतील. शिवाय माहिती उतरण्याचा वेग निराळा आणि चढण्याचा निराळा असू शकतो. घरी चित्रपट पाहणाऱ्याला चढणीशी फारसे कर्तव्य नसते. कारखानदाराला मात्र ड्रॉइंगे, तपासणीचे अहवाल, हिशेबाच्या प्रती सतत बाहेर पाठवाव्या लागतात. माझ्या स्नेह्यांचे करारपत्र आम्ही काढून पाहिले. तीनशे हा उतरणीचा वेग होता. चढणीला अवघे १० मेगाबिट, तेही बारीक अक्षरांत. २ गीगाबाइटची फाइल म्हणजे सुमारे १६,००० मेगाबिट. दहाने भागा, १,६०० सेकंद होतात, म्हणजे जवळजवळ सत्तावीस मिनिटे. तक्रारीचे उत्तर त्या भागाकारातच होते.

याहून महत्त्वाची गोष्ट वाटेकऱ्यांची. काचेचा तंतू थेट आपल्या दारापर्यंत आला, म्हणजे तो सर्वस्वी आपलाच झाला, असे नव्हे. प्रचलित पद्धतीत एक्स्चेंजमधून निघणाऱ्या एका तंतूची उतरणीची क्षमता साधारण अडीच गीगाबिट असते आणि वाटेत फाटे फोडून ती ३२ किंवा ६४ ग्राहकांना वाटून दिलेली असते. चौसष्ट जणांनी एकाच वेळी पुरेपूर मागणी केली, तर प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस मेगाबिटदेखील येणार नाहीत. असे क्वचितच घडते, आणि त्याच भरवशावर कंपनी प्रत्येकाला मोठा आकडा सांगू शकते. पाटाला पाणी मुबलक असते तोवर शेवटच्या वाफ्यालाही ते मिळते; सगळ्यांनी एकदम दारे धरली, की वाद सुरू होतात. ‘लीज्ड लाईन’ म्हणून जी जोडणी मिळते, तिच्यात ठरलेला वेग एकट्या ग्राहकासाठी राखून ठेवलेला असतो आणि चढण व उतरण बहुधा सारखीच असते. तिचे भाडे कितीतरी पट अधिक पडते. दहा माणसांच्या कचेरीला ती हवीच असे मला वाटत नाही.

वेग वाढवूनही घटत नाही असा एक विलंब आहे. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लक्ष किलोमीटर धावतो. दहा हजार किलोमीटर दूरच्या संगणकाला विचारलेला प्रश्न जाऊन उत्तर यावयास सेकंदाचा दहावा भाग लागणारच. जोडणी तीनशेची असो वा हजाराची, प्रकाश त्याच चालीने जातो.

आता भरवशाविषयी. करारात ९९.५ टक्के वेळ सेवा चालू राहील, असे वाचून मनुष्य निश्चिंत होतो. वर्षाचे तास ८,७६०. त्यांतला अर्धा टक्का म्हणजे जवळजवळ चव्वेचाळीस तास. एवढा वेळ जोडणी बंद राहिली तरी करार मोडला, असे म्हणता येत नाही. ९९.९ टक्क्यांची हमी असेल, तर तोच काळ नऊ तासांच्या आत येतो. दशांश चिन्हापुढील अंकासाठी जादा पैसे का मागतात, ते यावरून कळेल. दुरुस्ती किती तासांत होणार आणि न झाल्यास काय मिळणार, हेही लेखी घ्यावे. पुष्कळदा भरपाई म्हणजे बिलातील किरकोळ सूट असते.

ती सूट तुटपुंजी का, याचे उत्तर बेळगावात लगेच मिळते. कोल्हापूरला जाणारा माल राज्याची सीमा ओलांडतो आणि १ एप्रिल २०१८ पासून पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीच्या अशा मालाला ई-वे बिल लागते. ते मोबाईलवरही काढता येते, हे खरे. परंतु बीजके आणि साठ्याची नोंद दूरच्या संगणकावर असली, तर मोबाईल घेऊन बसलेला कारकून भरणार काय? ट्रक फाटकात उभा राहतो.

म्हणून दुसरी जोडणी हवी. पण ती दुसऱ्या कंपनीची आहे एवढ्यावर विसंबू नये. दोन कंपन्यांचे तंतू एकाच चरातून वा त्याच खांबांवरून आलेले असतात आणि रस्ता खोदणारे यंत्र दोन्ही एका घावात तोडते. एक वाट जमिनीखालची असेल, तर दुसरी बिनतारी घ्यावी. आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ मध्ये फाइव्ह-जी सेवा सुरू झाल्यापासून अनेक शहरांत ही सोय झाली आहे.

माझ्या स्नेह्यांनी तसेच केले. मग एका रविवारी, कारखाना बंद असताना, मुद्दाम वीज तोडून त्यांनी परीक्षा घेतली. संगणक बॅटरीवर चालू राहिले. जोडण्या मात्र दोन्ही मेल्या. राउटरला बॅटरी जोडावयाची कोणाच्याच ध्यानात आले नव्हते.