एक पंधरांश सेकंद

पहाटे 5
डिसेंबरची थंडी. आंबिया बहराच्या संत्र्यांच्या गाड्या मोर्शीतून बाहेर पडताहेत. मी सामुदायिक ध्यानाला जाऊन बसतो. आज कॅमेरा मुद्दाम घरी ठेवलाय, फक्त ऐकायचं आहे. ध्यान आटोपल्यावर भजन मंडळातले काकाजी खंजिरीचं कातडं शेकोटीवर शेकतात, कानाजवळ नेऊन टिचकी मारतात आणि मग एक भजन म्हणतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी याच एवढ्याशा वाद्यावर वऱ्हाडातली गावं जागी केली. 1955 साली जपानच्या विश्वधर्म परिषदेतही त्यांची खंजिरी वाजली. लाकडी कडं, एका बाजूला कातडं, खाचांत पितळी झांजा. इतकंच तिचं भांडवल.

सकाळी 9
दुकान उघडतो. परीक्षेच्या अर्जासाठी मुलं रांगेत उभी. पांढरा पडदा, 35 बाय 45 मिलिमीटर, मान सरळ. "हलू नको" हे मी दिवसातून पन्नासदा म्हणतो. माझं घर या फोटोंवर आणि लग्नाच्या अल्बमवर चालतं.

सकाळी 11
गर्दी ओसरली की काकाजींचा खंजिरी वाजवतानाचा फोटो उघडतो. पहिला फोटो मी 1/500 सेकंदाला काढला होता. त्यात बोटं, झांजा, कपाळावरची सुरकुती, सगळं लख्ख होतं. काकाजींनी तो बराच वेळ निरखला आणि विचारलं, "बाबू, हे तं चांगलं हाय. पन याच्यात आवाज कुठी हाय?"

तो प्रश्न चार महिने माझ्या डोक्यात होता. मग शटर मंदावत नेलं. 1/60 ला बोटं विरघळू लागली. 1/4 ला माणूसच हरवला. 1/15 ला चेहरा स्थिर राहिला, हाताचा धूर झाला आणि झांजांची एक तेजाळ रेघ उमटली. ताल मला त्या रेघेत सापडला. रंग काढून टाकले, कारण भगव्या टोपीकडे डोळा आधी जायचा.

दुपारी 1
आता छपाई. शुद्ध कापसाचा, चौरस मीटरला 308 ग्रॅम वजनाचा कागद. कापूस पिकवणाऱ्या मुलखाचा फोटो कापसावरच छापला जातोय, याचा मला आनंद आहे. 16 बाय 24 इंचांचा कागद निम्मा बाहेर आला आणि लाईन गेली. कागद वाया. लाईन आल्यावर पुन्हा सुरुवात.

थोर अमेरिकन छायाचित्रकार अँसेल अॅडम्स आधी पियानो शिकलेले. निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे तिचं वादन, असं ते मानत. आपल्या भाषेत बंदिश आणि गायन. बंदिश तीच असली तरी आजचं गाणं आजचंच. दुसऱ्या प्रिंटमध्ये काळा थोडा उतरवला, तेव्हा रेघ बोलू लागली.

दुपारी 4
कोपऱ्यात पेन्सिलनं क्रमांक घालतो. या आकाराच्या पंधराच प्रती निघतील, सोळावी नाही. जुन्या तांब्याच्या पत्र्यावरचं कोरीवकाम छापून छापून झिजायचं, म्हणून तिथे प्रती आपोआप मर्यादित राहत. संगणकातली फाईल झिजत नाही. इथे मर्यादा माझ्या शब्दाची आहे, आणि तो पाळला नाही तर क्रमांकाला काही अर्थ उरत नाही.

तरी मन अडतं. राजा रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि देवांची चित्रं घरोघरी पोचवली. भजनही सगळ्यांचं. त्याच्या फोटोला मी कुंपण घालतोय का? म्हणून ठरवलंय: छोटा फोटो मागेल त्याला छापून द्यायचा. मोठ्या पंधरा प्रतींतल्या चौदा विकायच्या, त्यातून कागद-शाईचा खर्च काढायचा. पहिली विकायची नाही.

तिच्यावर लिहितो, 1/15. शटरचा आकडा आणि प्रतीचा क्रमांक एकच. पंधरा प्रती ठरवल्या त्या यासाठीच.

संध्याकाळी 6
फ्रेमची काच उद्या. शाईला आधी पुरतं सुकू द्यायचं. फोटो पातळ कागदात गुंडाळून प्रार्थनेला नेतो. प्रार्थना झाल्यावर सतरंजीवर उलगडतो. काकाजी चष्मा पुसून वाकतात. चेहऱ्याकडे बघतच नाहीत, त्यांची नजर थेट हाताच्या धुरावर.

"आता वाजू राह्यली," म्हणतात आणि खंजिरी उचलतात.

रात्री 9
नोंदवहीत पहिली ओळ लिहितो: 1/15, भजन मंडळ, मोर्शी. किमतीच्या रकान्यात आडवी रेघ मारतो.