पाठीचा कणा आणि आपला श्वास

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी एक वाद झाला. माझ्या धाकट्या भावाला दमा आहे. मामांच्या कानावर कोठूनसे आले, की शहरात एक मणके बसवणारे गृहस्थ आहेत. दहा खेपांत दमा मुळापासून जातो, मग तोंडात पंप मारण्याची गरज उरत नाही. पुरावा म्हणून मामांनी मोबाईलवर चित्रफीत दाखवली. मान कडकन वाजते आणि रोगी छाती भरून श्वास घेतो! आई लगेच तयार झाली, बाबा अडून बसले, आणि 'कॉलेजात शिकतेस ना, तूच सांग' म्हणून निवाडा माझ्यावर आला. मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थिनीने शरीरशास्त्रावर काय बोलावे? पण भावाचा प्रश्न होता. ग्रंथालयातून पुस्तके आणली, ओळखीच्या डॉक्टरांना भंडावून सोडले. जे समजले ते येथे मांडते.

आधी मामांची बाजू घेते, कारण ती अगदीच पोकळ नाही. छाती हा एक पिंजरा आहे आणि त्याचा मागचा खांब म्हणजे कणा. छातीच्या भागातील बारा मण्यांना बरगड्यांच्या बारा जोड्या लहान लहान सांध्यांनी जोडलेल्या असतात. श्वास घेताना हे सांधे किंचित फिरतात. वरच्या बरगड्या हापशाच्या दांड्यासारख्या पुढे-वर उचलल्या जातात, तर खालच्या बादलीच्या कडीसारख्या बाजूंना उघडतात. (ही उपमा माझी नव्हे, डॉक्टर मंडळीच ती वापरतात.) छाती आणि पोट यांमधला घुमटासारखा स्नायू, म्हणजे श्वासपटल, हा शांत श्वासाचा मुख्य कामकरी. त्याची मागची मुळे थेट कमरेच्या मण्यांवर रोवलेली असतात. आणि त्याला हुकूम देणारा मज्जातंतू निघतो कोठून? मानेतून, तिसऱ्या ते पाचव्या पातळीवरून. म्हणूनच अपघातात मानेचा अगदी वरचा भाग दुखावून मज्जारज्जू तुटला, तर माणसाला आपला आपण श्वास घेता येत नाही. तीच इजा त्याखाली झाली, तर हातपाय लुळे पडूनही श्वासपटल हलत राहते.

वाचकांनी येथे थांबून एक प्रयोग करून पाहावा. आपण तासाला बाकावर बसतो तसे पाठीला पोक काढून बसा आणि जमेल तेवढा खोल श्वास घ्या. मग ताठ बसून पुन्हा घ्या. फरक सांगावा लागत नाही. पोक काढला की बरगड्या उघडायला जागा मिळत नाही आणि पोट दाबले गेल्याने श्वासपटलाला खाली उतरता येत नाही.

आमच्या आजीकडे पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. हाडे ठिसूळ होऊन तिचे मणे पुढच्या बाजूने चेपले आहेत. खालच्या बरगड्या कमरेच्या हाडाला टेकायला आल्या आहेत. तिची फुप्फुसे निरोगी आहेत, पण ओटा चढला की तिला धाप लागते. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस नावाच्या विकारात, जो बहुधा तरुण वयातच सुरू होतो, बरगड्या आणि मणे यांचे सांधेच आखडत जातात. तपासताना डॉक्टर छातीभोवती साधी मोजपट्टी गुंडाळतात. निरोगी तरुणाची छाती खोल श्वासाने पाच सेंटिमीटर किंवा अधिक फुगते. येथे ती अडीचच्याही आत राहू शकते. कणा बाजूला फार वाकला असेल, तर फुप्फुसात मावणारी हवाच कमी होते.

मग दम्याचे काय? येथेच मामांचा धागा तुटतो. दम्यात पिंजरा नीट असतो. बिघाड असतो आतल्या नळ्यांत. श्वासनलिकांचे अस्तर सुजते, भोवतीचा स्नायू आवळतो, आणि विशेषतः श्वास बाहेर सोडणे कठीण होते. नळ्या आवळण्याचा हुकूम नेणारा मुख्य मज्जातंतू, व्हेगस, दोन मण्यांच्या फटीतून निघतच नाही. तो कवटीच्या तळातून निघतो. सरकलेल्या मण्याखाली तो चेंगरतो, हे म्हणणे तेथेच संपते.

हे म्हणणे आले कोठून, तीही कथा मजेदार आहे. १८९५ साली अमेरिकेतील डॅव्हनपोर्ट गावी डॅनिएल डेव्हिड पामर या गृहस्थांनी, इमारतीची झाडलोट करणाऱ्या हार्वे लिलार्ड या बहिऱ्या माणसाच्या पाठीवर झटका दिला आणि त्याला ऐकू येऊ लागले असे जाहीर केले. यातून कायरोप्रॅक्टिक पंथ निघाला. बहुतेक रोग जागा सोडलेल्या मण्यांमुळे होतात, हा पामरांचा सिद्धांत. ऐकण्याचा मज्जातंतू पाठीतून जातच नाही, ही अडचण त्यांना जाणवलेली दिसत नाही! आजचे या व्यवसायातले कित्येक लोक मात्र पाठ आणि मान यांच्या दुखण्यापुरतेच बोलतात, आणि कंबरदुखीत या उपचाराने काही प्रमाणात आराम पडतो हे डॉक्टरही मान्य करतात.

दम्याची परीक्षाही झालेली आहे. १९९८ साली कॅनडातील संशोधकांनी दमा असलेल्या ८० मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली. नेहमीची औषधे चालू ठेवून चार महिने काहींना खरा उपचार दिला, काहींना नुसता त्याचा देखावा केला. दोन्ही गटांतील मुलांना थोडे बरे वाटले, आणि दोहोंत लक्षणीय फरक निघाला नाही. कोणीतरी आस्थेने पाठीवर हात ठेवतो, चौकशी करतो, याचेही बरे वाटते. चित्रफितीतला रोगी खोटे बोलत असेलच असे नाही.

मला भीती वाटली ती झटक्याची नव्हे. मानेला झटका दिल्यावर धमनीला चीर पडून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत, पण त्या विरळा. खरी भीती पंप बंद होण्याची. त्यातले औषध आतली सूज रोज आवरत असते. ते थांबले तर एखाद्या रात्री दवाखान्यापर्यंत पोचायलाही वेळ मिळायचा नाही.

हे सारे मी आईला स्वयंपाकघरात बसून, कागदावर बरगड्या काढून समजावले. ती बराच वेळ चित्र पाहत राहिली आणि म्हणाली, "मग आजीला लोड लावून ताठ बसवत जाऊ." भावाचा पंप दप्तरात आहे. मामा पाडव्याला जेवायला आले, पण माझ्याशी फारसे बोलले नाहीत.