सकाळची गोळी आणि सकाळचा चहा

आज थायरॉईडबद्दल बोलू या. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. आयटीत कन्सल्टंट आहे, एमबीए केलंय, आणि या दोन्ही गोष्टींचा मला या आजारात काडीचा उपयोग झाला नाही. उलट तोटाच झाला, तो पुढे सांगतो. मी फक्त सहा वर्षं रोज सकाळी गोळी घेणारा माणूस आहे.

आपल्याकडे सर्रास म्हणतात, "मला थायरॉईड आहे." अहो, थायरॉईड सगळ्यांनाच असतो! गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखरासारखी ती छोटी ग्रंथी. शरीराचं सगळं काम कुठल्या वेगानं चालायचं हे तिच्या हॉर्मोनवर ठरतं. दुसरं वाक्य ऐकू येतं ते म्हणजे, "रिपोर्टमध्ये थायरॉईड वाढलाय." इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. रिपोर्टमध्ये वाढलेला असतो तो टीएसएच, आणि तो थायरॉईडचा नव्हेच, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरीचा. मॅनेजरच्या ईमेलसारखं समजा. टीममधलं काम नीट चाललंय तोवर ईमेल कमी. काम रेंगाळलं की ईमेलवर ईमेल. म्हणजे टीएसएच वाढला याचा अर्थ थायरॉईड मंदावला. साधारण ०.४ ते ४ ही टीएसएचची नेहमीची पातळी. माझा निघाला ३८.

तो निघाला कसा, तेही ऐका. वर्षभर मी दमलेला होतो. ऑक्टोबरात सगळे शर्टावर असताना मी ऑफिसात कोट घालून बसायचो. वजन वाढलं, पोट साफ होईना, मीटिंगमध्ये साधे शब्द आठवेनात. मी म्हटलं, चाळिशी आहे, प्रवास आहे, ताण आहे. थायरॉईड म्हणजे बायकांचा आजार, हेही डोक्यात पक्कं. बायकांमध्ये तो कितीतरी जास्त दिसतो हे खरं, पण पुरुषांना होतच नाही असं नाही. एका दुपारी आईचा नाशिकहून फोन आला. म्हणाली, "अरे, आवाज असा जड का? आत्ता उठलास का?" इथे दुपारचे दोन वाजले होते.

तरी मी गेलो नाहीच. गेलो ते कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून. स्टॅटिन सुरू करायला तयार होतो, पण जीपी बाई म्हणाल्या, आधी थायरॉईड बघू. तो मंद असला की कोलेस्टेरॉलही चढतं. तुमच्यापैकी कुणाला नवीनच कोलेस्टेरॉल निघालं असेल, तर टीएसएच झालाय का एवढं जरूर विचारा.

माझं कारण हाशिमोटो. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या ग्रंथीवर हल्ला करते. १९१२ साली हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी त्याचं पहिलं वर्णन लिहिलं म्हणून हे नाव. ब्रिटनमध्ये मंद थायरॉईडचं हेच मुख्य कारण. जगात इतरत्र आयोडीनची कमतरता हे मोठं कारण आहे, त्यामुळे "आयोडीनच्या गोळ्या घे, समुद्री शेवाळाच्या घे" असे सल्ले येतात. हाशिमोटोत जादा आयोडीननं थायरॉईड आणखी बिघडू शकतो. ते दुकानातच राहू द्या.

आता उपचार. आईची भीती तुमच्याही घरात असेल: "त्या गोळ्या एकदा लागल्या की जन्मभर सुटत नाहीत." सुटत नाहीत हे बरोबर. पण गोळीनं सवय लावली म्हणून नव्हे, तर ग्रंथी काम करत नाही म्हणून. लेव्होथायरॉक्सिन म्हणजे ग्रंथी जे बनवते तेच टी-फोर हॉर्मोन, कारखान्यात बनवलेलं. हा उपाय सुरू झाला तो याच देशात. १८९१ मध्ये न्यूकॅसलला जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरांनी ४६ वर्षांच्या एका बाईंना मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला. पुढे तो तोंडानं देता यायला लागला. त्या बाई आणखी २८ वर्षं जगल्या. आईला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "मेंढीचा?" आता गोळीत मेंढी नसते हे सांगायला आणखी दहा मिनिटं गेली.

माझ्यासारखा ३८ असेल तर फार विचार करण्यासारखं काही नसतं. खरा प्रश्न असतो ५, ६, ८ अशा आकड्यांचा, टी-फोर नॉर्मल असताना. अशांनी लगेच घाबरून गोळी मागू नये. इथल्या नाइस संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शनाप्रमाणे तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात. दोन्ही वेळा १० च्या वर असेल तर गोळीचा विचार होतो. १० च्या खाली, वय ६५ च्या आत आणि त्रास मात्र होतोय, तर सहा महिने गोळी देऊन फरक पडतो का ते बघता येतं. नाही पडला, तर त्रासाचं कारण दुसरं असू शकतं. वयस्कर आईवडिलांचा टीएसएच थोडासा वर असेल तर बऱ्याचदा नुसतं लक्ष ठेवणंच बरं. आणि तपासणीच्या आधी केसांसाठी बायोटिन घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, त्यानं आकडे चुकतात.

एकच सवलत नाही ती गरोदर बायकांना. आधीपासून गोळी चालू असेल आणि दिवस राहिले, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी सर्जरीला फोन करा. बहुतेकींना डोस वाढवावा लागतो, आणि पहिले महिने बाळ आईच्याच हॉर्मोनवर असतं.

दुसरे पर्याय? टी-थ्रीची गोळी आहे. काहींना तिनं बरं वाटतं, पण एनएचएसमध्ये ती सरसकट देत नाहीत, तज्ज्ञांकडूनच सुरू होते. "नॅचरल थायरॉईड" म्हणून जे ऑनलाइन विकतात ते बहुधा डुकराच्या ग्रंथीची पूड असते. नाव ऐकून भुललेल्या एका माळकरी काकांना मी हे सांगितलं, विषय तिथेच संपला. कांचनार गुग्गुळ, अश्वगंधा घ्यायची असेल तर जीपीला सांगून घ्या. अश्वगंधेनं हॉर्मोनची पातळी बदलू शकते. आणि त्यासाठी चालू गोळी बंद करू नका.

आता माझा तोटा. मला ५० मायक्रोग्रॅमवर सुरू केलं. तीन आठवड्यांत फरक दिसेना. आम्हा कन्सल्टंट लोकांना दर आठवड्याला आकडा हलताना बघायची सवय! मी कुणाला न विचारता दोन-दोन गोळ्या घ्यायला लागलो. पुढे काही दिवसांनी क्लायंटसमोर बोलताना छाती धडधडायला लागली, हात इतके थरथरले की लॅपटॉपची कळ दाबता येईना. वाटलं, हार्ट अटॅक. तो नव्हता, पण जीपी बाईंनी फार शांतपणे झापलं. या औषधाचा निम्मा भाग शरीरातून जायलाच साधारण आठवडा लागतो, त्यामुळे डोस बदलला की सहा-आठ आठवडे थांबल्याशिवाय रक्त तपासण्यात अर्थ नसतो. जास्त डोस वर्षानुवर्षं चालला तर हृदयाचे ठोके अनियमित होतात, हाडं झिजतात. ज्यांचं हृदय आधीच कमजोर आहे किंवा वय जास्त आहे त्यांना मुद्दामच कमी डोसवर सुरू करतात. मला जवळजवळ वर्षभरानं १०० वर स्थिर व्हायला जमलं.

आणि चहा. गोळी रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर, चहाच्या निदान अर्धा तास आधी. चहा-कॉफी-दुधाबरोबर ती नीट शोषली जात नाही. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर. उठल्याउठल्या चहा लागणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हा अर्धा तास डोंगराएवढा. मी गोळी आणि पाण्याचा ग्लास उशाशी ठेवतो, पहिल्या अलार्मला घेऊन परत आडवा होतो. तेही जमत नसेल तर रात्री झोपताना, जेवणानंतर तीन तासांनी घेता येते. जीपीला विचारून रोजची एक वेळ ठरवा. एकादशीला चालते का, असं एका मावशींनी विचारलं होतं. मावशी, गोळी चालते. साबुदाणा मात्र अर्ध्या तासानं.

भारतातून येताना बाटली आणत असाल तर जपून. तिकडे ८८, ११२ अशाही ताकदीच्या गोळ्या मिळतात, इथे बहुतेक २५, ५०, १०० जुळवून देतात. दोन्हींची सरमिसळ केली की डोस कळत नाही.

शेवटचं, इंग्लंडमधल्यांसाठी. इथे एका औषधाला ९ पौंड ९० पेन्स पडतात. पण थायरॉईडची कायमची गोळी असेल तर सगळीच प्रिस्क्रिप्शनं मोफत मिळतात, अगदी खोकल्याच्या औषधाचंसुद्धा. ते आपोआप होत नाही. त्यासाठी सर्जरीतून अर्ज करायचा. कार्ड हातात नसताना काउंटरवर "मोफत" अशी खूण करू नका, दंड येतो. मी पहिली दोन वर्षं पैसे भरत होतो, कुणी सांगितलंच नाही. कार्ड पाच वर्षं चालतं, तारीख कॅलेंडरवर टाकून ठेवा.