सहवैमानिकाचे तास

नकाशावर मुंबई ते बंगळूरु अशी सरळ रेघ ओढली, तर ती कवठे महांकाळच्या जवळून जाते. तिथल्या एका शाळेत आम्ही विमानाविषयी बोलत होतो. एका मुलाने विचारले, "विमान एकजण चालवतो, दुसरा नुसता बसतो. मग त्याचे तास कशाला मोजायचे?"

दुसरा नुसता बसत नाही. तो रेडिओवर बोलतो, उपकरणे पाहतो, चूक दिसली की बोलून दाखवतो. पुष्कळदा विमानही तोच चालवतो. तास मोजायचे कसे, हा प्रश्न मात्र खरा आहे.

समजा, विमान सकाळी 6.00 ला उड्डाणासाठी जागेवरून हलले, 6.20 ला जमीन सोडली, 7.35 ला टेकले आणि 7.45 ला थांबले. हवेत ते 1 तास 15 मिनिटे होते. देखभालीच्या हिशेबात हाच वेळ धरतात. वैमानिकाच्या लॉगबुकात मात्र 1 तास 45 मिनिटे येतात, कारण त्याची जबाबदारी चाके हलताच सुरू होते.

दोघेही 1 तास 45 मिनिटेच लिहितात, पण वेगवेगळ्या रकान्यांत. कमांडर एका वेळी एकच असतो. सहवैमानिकाने विमान स्वतः उतरवले, तरी त्याचा रकाना बदलत नाही. अपवाद एकच : कमांडरचे काम त्याने देखरेखीखाली केले असेल तर. तेही आधी ठरलेले हवे आणि खाली कमांडरची सही हवी.

दोन वैमानिकांसाठीच प्रमाणित केलेल्या विमानातले तास पूर्ण धरतात. एका वैमानिकाच्या विमानात देशाच्या नियमामुळे सहवैमानिक घ्यावा लागला, तर आंतरराष्ट्रीय नियमानुसार वरच्या परवान्यासाठी फार तर निम्मे. मित्राशेजारी हौसेने बसलात, तर शून्य!

भारतात व्यावसायिक परवान्याला 200 तास लागतात, विमान कंपनीत कमांडर होण्यासाठीच्या परवान्याला 1500. मोह इथेच होतो. 2011 साली परवान्यांची तपासणी झाली, तेव्हा न केलेल्या उड्डाणांचे तास लिहिल्याची प्रकरणे उघडकीस आली. आधी उत्तर आणि मग वाचने, अशी प्रयोगवही आपण शिक्षकांनीही पाहिलेली असते. फरक इतकाच, की तिच्या भरवशावर कुणी प्रवासी बसत नाहीत.

म्हणून नोंद शाईने, उड्डाणानंतर लगेच करावी. चूक झाली तर एकच रेघ मारून शेजारी सही करावी. खालचा आकडा वाचता आला पाहिजे.

वर्गात एक गणित घालून पाहा. विमान कंपन्या नोंदी जागतिक प्रमाणवेळेत ठेवतात, म्हणजे भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा. पहाटे 4.00 ला निघालेल्या विमानाची वेळ काय लिहाल, आणि तारीख कोणती?