दुपारची घंटा

वसईच्या आमच्या वाडीत आजी मोगऱ्याच्या ओळींतलं तण काढत उकिडवी पुढे सरकायची आणि मी मागून उपटलेलं गवत टोपलीत भरत जायचे. ऊन डोक्यावर आलं की चर्चच्या मनोऱ्यातून घंटेचे टोल यायचे. तीन टोल, थोडी उसंत. पुन्हा तीन, पुन्हा उसंत. पहिला टोल कानी पडला की आजीचा हात जिथल्या तिथे थांबे. खुरपं मातीत रोवून, पदराला हात पुसून ती उभी राही आणि डोळे मिटून पुटपुटू लागे. एकदा मी म्हटलं, "आजी, एवढ्या एका रोपाचं काढून घेऊ ना, मग थांबू." ती म्हणाली, "तण काय, उद्याही उगवणारच आहे."

त्या वाक्याचा अर्थ कळायला मला पन्नाशी गाठावी लागली. सकाळची विरार लोकल, दिवसभर ऑफिस, परतल्यावर अंथरुणाला खिळलेली आई, तिची औषधं, रात्री पुन्हा उघडलेला लॅपटॉप. या सगळ्यात मी स्वतःला एकच आश्वासन देत राहिले : एवढं हातावेगळं केलं की निवांत बसेन. ते 'एवढं' कधी संपलं नाही. विसावा म्हणजे कामाच्या शेवटी मिळणारी मजुरी, असं मी धरून चालले होते. आजीच्या घंटेने मात्र विसावा कामाच्या ऐन मध्यावर, भर दुपारी आणून ठेवला होता. माझ्या श्रद्धेच्या परंपरेत ही गोष्ट किती खोलवर आहे, हे मी मग शोधत गेले.

तीन टोल

आजी पुटपुटायची त्या प्रार्थनेला आंजेलस म्हणतात. गब्रिएल देवदूताने मरियेला येशूच्या जन्माचा निरोप दिला, त्याचं हे स्मरण. तीन छोटी वचनं, प्रत्येकानंतर एक 'नमो मरिया' आणि शेवटी एक प्रार्थना; सगळं मिळून दोन-तीन मिनिटांत आटोपतं. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी अशी ती दिवसातून तीनदा म्हणायची. प्रथा एकदम जन्मली नाही. मध्ययुगीन युरोपात ती हळूहळू आकाराला आली. दुपारच्या घंटेचा संबंध १४५६ सालाशी जोडला जातो. बेलग्रेडच्या युद्धाच्या धामधुमीत पोप तिसरे कॅलिक्स्टस यांनी प्रार्थनेसाठी दुपारी घंटा वाजवण्याचा आदेश दिला होता. युद्ध इतिहासजमा झालं, पण घंटा शेतकऱ्याच्या दिवसात कायमची मुरली.

फ्रेंच चित्रकार ज्याँ फ्रान्स्वा मिले यांनी १८५७ ते १८५९ या काळात काढलेलं 'आंजेलस' हे चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. बटाट्याच्या शेतात एक पुरुष आणि एक बाई मान खाली घालून उभी आहेत. काटेरी दाताळं जमिनीत रोवलेलं, टोपली पायाशी, मागे हातगाडी आणि दूर क्षितिजावर चर्चचा मनोरा. मिले यांनीच सांगून ठेवलं आहे की हे चित्र त्यांना आजीमुळे सुचलं. शेतात काम चालू असताना घंटा ऐकू आली की त्यांची आजी सगळ्यांना हातातलं काम थांबवून मृतांसाठी प्रार्थना करायला लावायची. हे वाचलं तेव्हा नॉर्मंडीतली ती आजी आणि वसईतली माझी आजी एकाच बांधावर उभ्या आहेत, असं मला वाटलं.

वसईच्या घंटांची कथा आपल्या सगळ्यांचीच आहे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने पोर्तुगिजांकडून वसई जिंकली आणि तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात आल्या. नाशिकचं नारोशंकराचं देऊळ, भीमाशंकर, वाईजवळ कृष्णाकाठची मेणवली इथे त्या आजही टांगलेल्या आहेत. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती आहे. घंटेचं देऊळ बदललं, काम मात्र तेच राहिलं : आपल्याच नादात गुंतलेल्या माणसाला क्षणभर वर पाहायला लावायचं.

सातवा दिवस

घंटेच्याही कितीतरी आधी शब्बाथ होता. बायबलच्या पहिल्या पुस्तकात देव सहा दिवस सृष्टी घडवतो आणि सातव्या दिवशी विसावतो. माणूस घडतो सहाव्या दिवशी. म्हणजे माणसाच्या वाट्याला आलेला पहिला पूर्ण दिवस सुट्टीचा! अजून त्याने काहीच केलेलं नाही, तरी तो विसाव्याला पात्र आहे. यहुदी परंपरेत दिवसही सूर्यास्ताला सुरू होतो. आधी रात्र, झोप, आणि मग काम.

सातव्या दिवशी थांबण्याची आज्ञा बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकात येते तेव्हा तिला आणखी एक कारण जोडलेलं दिसतं. तुम्ही मिसर देशात गुलाम होता, हे आठवा. म्हणून मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव आणि दारी राहणारा परका या सगळ्यांना तो दिवस मोकळा मिळाला पाहिजे. गुलामाला सुट्टी नसते. जो थांबू शकतो, तो स्वतंत्र. आणि जो दुसऱ्याला थांबू देतो, त्याला आपलं स्वातंत्र्य कशासाठी मिळालं हे कळलेलं असतं.

या आज्ञेने आपल्या कोकणातही एक नाव मागे ठेवलं आहे. रायगडातल्या गावांत बेने इस्राएल हा यहुदी समाज तेलाचा घाणा चालवायचा आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा. गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. मूळ भूमीपासून, ग्रंथांपासून शतकानुशतकं दूर राहिलेल्या या समाजाने घाण्याचा बैल सोडण्याचा दिवस विसरू दिला नाही.

ख्रिस्ती लोकांनी येशूच्या पुनरुत्थानाचा वार म्हणून रविवार मानला. ३२१ साली रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने रविवारी न्यायालयं आणि शहरातले धंदे बंद ठेवण्याचा हुकूम काढला. इंग्रजी अमलात साहेबाचा रविवार मुंबईत आला, पण गिरणीच्या फाटकाशी अडला. आतल्या कामगाराला आठवड्याची सुट्टी नव्हती. जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या आणि हजारो सह्यांचं निवेदन दिलं. मागण्या साध्या होत्या : दर रविवारी पूर्ण सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती. रविवार हा खंडोबाचा वार, असंही त्यांनी मांडलं. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. शब्बाथच्या आज्ञेतला तो दास, ती दासी या शहरात लोखंड्यांमुळे मोकळी झाली, हे मी मनापासून मानते. दर रविवारी मिस्साला जाताना त्यांचीही आठवण ठेवावी, असं मला वाटतं.

विहिरीपाशी बसलेला

शुभवर्तमानातला येशू मला सर्वांत जवळचा वाटतो तो थकलेला दिसतो तेव्हा. योहानाच्या चौथ्या अध्यायात तो चालून चालून दमला आहे, वेळ दुपारची आहे, आणि शोमरोनातल्या एका विहिरीपाशी बसून पाणी भरायला आलेल्या बाईकडे तो पाणी मागतो. मार्क सांगतो की गालीलच्या समुद्रात वादळ उठलं, होडीत पाणी शिरू लागलं, तरी हा उशी घेऊन झोपलेला होता. पहाटे अंधार असतानाच उठून तो एकांतात प्रार्थनेला जायचा, असंही मार्कच नोंदवतो.

मार्कच्या सहाव्या अध्यायात तर आपल्या घरातच घडावा असा प्रसंग आहे. शिष्य गावोगाव फिरून आले आहेत. लोकांची ये-जा इतकी, की जेवायलाही सवड नाही. येशू त्यांना म्हणतो, चला, बाजूला जाऊन जरा विसावू. सगळे होडीत बसून निघतात आणि पलीकडे पोचतात, तर गर्दी काठाकाठाने धावत आधीच तिथे हजर! तो चिडत नाही. लोकांचा त्याला कळवळा येतो, तो त्यांना शिकवतो, पाच हजारांची पंगत उठते. मग मात्र तो शिष्यांना पुढे पाठवतो, लोकांना निरोप देतो आणि एकटाच डोंगरावर प्रार्थनेला जातो. त्या दिवसाचा बेत फसला, पण विसावा त्याने सोडून दिला नाही. आजारी माणसाची सेवा करणाऱ्या प्रत्येकाला हा अध्याय कळेल.

मत्तयाच्या शुभवर्तमानात तो कष्टाने दमलेल्यांना आपल्याकडे बोलावतो आणि लगेच आपलं जू मानेवर घ्यायला सांगतो. दमलेल्याला आणखी जू कशाला, हा प्रश्न मला लहानपणी पडायचा. उत्तर बैलांच्या जोडीने दिलं. जू दोघांच्या मानेवर असतं. ओढायचं आहेच, पण एकट्याने नाही.

उबग आणि शिस्त

थांबणं सोपं असतं, असं ही परंपरा कधीच म्हणत नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात जाऊन राहिलेल्या साधकांपैकी इव्हाग्रियस यांनी दुपारच्या दैत्याबद्दल लिहून ठेवलं आहे. हा दैत्य भर दुपारी येतो. सूर्य जागचा हलत नाहीसा वाटतो, दिवस पन्नास तासांचा होतो. साधक पुन्हा पुन्हा खिडकीबाहेर पाहतो, जागेचा आणि हातातल्या कामाचा त्याला वीट येतो, दुसरीकडे कुठेतरी बरं असेल असं वाटत राहतं. आपल्या भाषेत याला उबग म्हणावं. आज दुपारी तीन वाजता कारण नसताना फोन वर-खाली सरकवणारं आपलं बोट त्यांनी अचूक ओळखलं असतं. औषध त्यांनी दिलं ते एवढंच : कोठडी सोडू नकोस, बसून राहा.

सहाव्या शतकात इटलीत मोन्ते कासिनोच्या मठात संत बेनेडिक्ट यांनी या अनुभवाला रोजच्या वेळापत्रकाचं रूप दिलं. प्रार्थना, श्रम, वाचन आणि झोप यांना ठरलेल्या वेळा. उन्हाळ्यात दुपारच्या जेवणानंतर अंथरुणावर पडून राहायची मुभाही त्यांच्या नियमावलीत आहे. आणि त्रेचाळिसाव्या प्रकरणात नियम आहे की प्रार्थनेची खूण ऐकू येताच हातात जे असेल ते ठेवून निघायचं. आजीने बेनेडिक्ट यांचं नावही ऐकलं नसेल, पण खुरपं मातीत रोवताना ती तोच नियम पाळत होती.

ज्यांच्या दिवसात घंटाच नाही, त्यांच्यासाठी सतराव्या शतकातले ब्रदर लॉरेन्स आहेत. पायाला जखम झालेला हा जुना सैनिक पॅरिसच्या कार्मेलाईट मठात स्वयंपाकघरात राबला. हे काम त्यांच्या आवडीचं नव्हतं. तरी भांड्यांच्या खडखडाटात, चार जण चार गोष्टी मागत असतानाही त्यांनी देवाशी मनातल्या मनात बोलत राहण्याची सवय लावून घेतली. पुढे त्यांना प्रार्थनेची वेळ आणि कामाची वेळ यांत फरक उरला नाही. त्यांची पत्रं आणि संभाषणं त्यांच्या मृत्यूनंतर पुस्तकरूपाने आली, ती आजही वाचली जातात.

आपल्या मातीत हेच काम फादर अँथनी डिमेलो यांनी केलं. १९३१ मध्ये मुंबईत जन्मलेल्या या येशूसंघीय धर्मगुरूंनी सत्तरच्या दशकात पुण्यात 'साधना' संस्था सुरू केली; पुढे ती लोणावळ्याला गेली. १९७८ च्या 'साधना' या पुस्तकात ते सुरुवात करतात ती शांत बसण्यापासून. अंगावरच्या कपड्यांचा स्पर्श जाणवू द्या, श्वास नाकपुडीतून जाताना-येताना पाहा, कानावर येणारे आवाज नुसते ऐका. ख्रिस्ती प्रार्थना आणि भारतीय ध्यान यांना त्यांनी एका चटईवर बसवलं. त्यांच्या काही मतांबाबत व्हॅटिकनने १९९८ मध्ये सावधगिरीची सूचना काढली, तेव्हा डिमेलो हयात नव्हते. पण आवाज ऐकण्याचा त्यांचा पाठ मला विरार लोकलमध्ये उपयोगी पडला. रूळांचा ठेका, पंख्याची घरघर, शेजारणीच्या जपमाळेचे मणी. दोन स्टेशनांपुरतं काहीही न करता ऐकत राहायचं. गर्दी तेवढीच असते, पण छातीवरचं ओझं उतरतं.

पेज

हे सगळं वाचत असताना अनुवादातल्या आज्ञेतल्या एका शब्दाने मला अडवलं. दासी. माझ्या आईला सांभाळायला एक ताई येतात, त्या आठवड्याचे सातही दिवस यायच्या. माझा रविवार, माझी मिस्सा, माझी दुपारची झोप त्यांच्या सातव्या दिवसावर उभी होती. गेल्या वर्षीच्या उपवासकाळात मी त्यांना सांगितलं, रविवारी येऊ नका, पगार तोच राहील. त्या क्षणभर काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "नातवाला जेजुरीला नेईन म्हणते."

आता रविवारी आईचं सगळं मी करते. अंग पुसणं, चादर बदलणं, औषधं, पेज. वरकरणी माझी सुट्टी गेली. पण त्या दिवसाला आता एक मोकळेपणा आहे, जो आधीच्या रिकाम्या रविवारांत नव्हता. रस्त्यावरची वाहनं कमी असतात, म्हणून बारा वाजता घंटा आमच्या इमारतीपर्यंत ऐकू येते. आई तेव्हा उशाला टेकून बसलेली असते आणि माझ्या हातात चमचा असतो. पहिला टोल पडला की मी चमचा वाटीत ठेवते. आम्ही दोघी क्रूसाची खूण करतो, ती पुटपुटते, मी तिच्यामागून म्हणते. तीन टोल, उसंत. तीन टोल, उसंत.

मग मी पुन्हा चमचा उचलते. तेवढ्या वेळात पेज खाण्याजोगी निवलेली असते.