गुहेला जाळी ठोकायची का?

मार्च 2020 मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांचे नमुने पुण्याच्या एनआयव्ही या विषाणू संस्थेने घेतले आणि पुढे त्यांत निपाह विषाणूचा माग सापडला. 2021 ला ही बातमी आल्यावर सातारा-सांगलीकडे एकच सूर: "गुहाच बंद करा!" जरा थांबा मंडळी.

गुहेच्या तोंडाला लोखंडी गज लावून माणूस रोखायचा, ही रीत अमेरिकेत जुनी. तिथे गज आडवे असतात आणि दोन गजांत साधारण पंधरा सेंटीमीटर फट ठेवतात. उभे, दाट गज लावले तर वटवाघळं अडखळतात, दारातच घुबड-सापाच्या तावडीत सापडतात. भिंत घातली तर हवा कोंडते, आतलं तापमान बदलतं आणि थवा गुहा सोडतो. आपल्याकडची फळं खाणारी गुहावासी जात तर संध्याकाळी झुंडीनं बाहेर पडते, तिला गुहेचं तोंड मोकळंच हवं.

खरी दुर्मीळ जात बघायची तर बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या बारापेडे गुहेकडे वळा. 'राउटन' वटवाघूळ तिथून 1913 मध्ये जगाला कळलं आणि कित्येक दशकं जगात त्याचा तेवढाच पत्ता ठाऊक होता. लांब, अरुंद पंखांचं हे वटवाघूळ वेगानं सरळ उडतं. अशाला गजांतून वळसे घ्यायला लावणं मला तरी पटत नाही.

माझं मत: गुहेपासून थोडं अलीकडे कुंपण आणि पिल्लांच्या काळात प्रवेशबंदी. मादीला वेताला बहुधा एकच पिल्लू होतं, ते पोटाला चिकटलेलं असतं. टॉर्च, आरडाओरडा, फटाके यांनी थवा उधळला की ते खाली पडतं.